फक्त त्याच्याशीच बोलायचं

फिकिले खानिलेच्या तोंडाला सगळी ऑर्लंडो वस्ती वचकून असे. नळ बंद झाला की नगरपालिकेच्या माणसाला, प्रवचन लांबलं की पाद्र्याला आणि भाजी करपली की सुनेला ती ज्या शब्दांत झाडायची, ते ऐकून शेजारची कुत्रीसुद्धा कुंपणाखालून घरी निघून जायची. त्रेसष्ट वर्षांत तिला गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, त्या शनिवारी नेमक्या याच बाईला सकाळपासून घरी पोचेपर्यंत तोंड उघडायची बंदी होती.

म्हणजे बोलायची परवानगी होती, पण एकाच माणसाशी. आणि तो माणूस मरून सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

झ्वेलाखे, तिचा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना पोलिसांनी त्याला याच घरातून अंगावरच्या बनियनवर उचलून नेलं आणि पाच आठवड्यांनी शहरातल्या चार मजली चौकीतून त्याचं प्रेत परत दिलं. प्रेत पुरलं. पण माणूस जिथं मरतो तिथंच त्याचा जीव घुटमळत राहतो, त्याला कुणीतरी घरचं माणूस जाऊन घेऊन यावं लागतं. ते आणणं राहून गेलं होतं. आधी पोलिस पायरी चढू देत नव्हते. मग गोऱ्यांचं राज्य गेलं, तोवर फिकिले चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षीण झाली होती. पाद्री म्हणायचा, हे सगळं अंधारातलं आहे, आणि फिकिले मान डोलवायची. बापाने विचारून पाहिलं, आईने विचारून पाहिलं, विचारता विचारता दोघंही गेली.

गेल्या हिवाळ्यात झ्वेलाखे तिच्या स्वप्नात यायला लागला. बोलायचा काही नाही. फाटकाबाहेर नुसत्या बनियनवर, काखेत हात घालून कुडकुडत उभा असायचा. सलग नऊ वेळा आला. दहाव्या दिवशी फिकिलेने पाद्र्याला त्याच्याच ओसरीवर गाठून सांगितलं, "तुमचा देव माझ्या भावाला स्वेटर देणार असेल तर आत्ता सांगा. नसेल तर मला माझ्या वाटेनं जाऊ द्या."

मग गावाकडून काका झेफानिया आला. बापाच्या भावांपैकी तेवढा एकच उरला होता, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. येताना त्याने रानबोरीची फांदी आणली. तिला जोडीजोडीने काटे असतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला. ही फांदी मेलेल्या माणसाजवळ ठेवायची, तो तिला धरतो, आणि फांदीबरोबर घरी येतो. चार मजले चढायला काकाच्या गुडघ्यांत जोर नव्हता आणि फिकिलेच्या मुलाला खाणीतून सुट्टी मिळेना. जाणार कोण, तर फिकिले.

"फांदी हातात आली की तोंड बंद," काकाने बजावलं. "बोलायचं ते फक्त त्याच्याशी. वळण आलं, वळण सांग. पूल आला, पूल सांग. दुसऱ्या कुणाशी एक शब्द जरी बोललीस तर तो हात सोडेल, आणि सोडेल तिथंच राहील."

"आणि चुकून बोलले तर?"

"तर पुढच्या वेळेला दुसरं कुणी तरी आणेल. मी नसेन. चौकीवाले तरी परत आत घेतील कशावरून? फिकिले, मी तुला रांगतेस तेव्हापासून ओळखतो. जिभेला दावं बांध."

बरोबर सून गेली, ह्लेंगिवे. दुसऱ्यांशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून. हा काकाचा विनोदच म्हणायचा, कारण अकरा वर्षांत ह्लेंगिवेचा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर कुणी ऐकला नव्हता. फिकिले तिला म्हणायची, "तुझ्यापेक्षा आमची किटली जास्त बोलते."

चौकीत एक तरुण पोलिसबाई होती. फांदी बघितल्याबरोबर तिने टोपी काढली आणि काही न विचारता जिना दाखवला. चौथ्या मजल्याच्या वळणावर खिडकी होती. फिकिलेने फांदी फरशीवर टेकवली. मग ती म्हणाली, "झ्वेलाखे, मी फिकिले. चल. उशीर झाला ते मला माहीत आहे, त्यावरून घरी जाऊन भांडू."

निघताना तिने खिडकीच्या गजाला हात घातला. गज जाड होते, रंगावर रंग चढून आणखी जाड झालेले. दोन गजांमध्ये तिची चार बोटं जेमतेम मावली. हे गज तिच्या ओळखीचे होते. सोळा वर्षांची असताना दर गुरुवारी ती धुतलेले कपडे घेऊन खाली रस्त्यावर उभी राहायची, आणि जिन्यावरून नेताना झ्वेलाखे याच गजांतून हात बाहेर काढून हलवायचा. फक्त हात, मनगटापर्यंत. त्यापुढे काही निघत नव्हतं. आणि कोर्टाने निकाल दिला होता की कैद्याने याच खिडकीतून उडी मारून जीव दिला, कुणाचाही दोष नाही. न्यायाधीश खिडकी बघायला आलाच नव्हता. बापाने तो कागद मरेपर्यंत उशाखाली ठेवला होता.

फिकिलेने गज हलवून बघितला. तो जागचा हलला नाही.

टॅक्सीत ह्लेंगिवेने तीन जागा घेतल्या. मधली फांदीची. आमची टॅक्सी म्हणजे छोटी बस, तिच्यात पंधरा माणसं बसतात आणि सोळावं दारात लोंबकळतं, पण त्या जागेकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. एका जाड्या माणसाने तेवढी पिशवी टेकवायला हात पुढे केला, तर ड्रायव्हर आरशातूनच ओरडला, "ए, डोळे घरी ठेवून आलास का? माणूस बसलाय तिथं!" जाड्याने पिशवी मांडीवर घेतली आणि फांदीकडे बघून माफी मागितली. सगळ्या वाटेत कुणी गाणं लावलं नाही. फिकिले सांगत गेली, "हा मोठा रस्ता. हा नवीन पूल, तुझ्या वेळी नव्हता. ते स्टेडियम, त्याला भलताच रंग दिलाय, माझ्याकडे बघू नकोस."

गल्लीच्या तोंडाशी उतरल्या तेव्हा बारा वाजत होते. "आता डावीकडे," ती म्हणाली. "पाचवं घर." आणि वळणावरच तिला भोंगा ऐकू आला.

हा बोंगा. दोन घरं सोडून राहणारा. त्याची आई कामावर जायची तेव्हा त्याचं ढुंगण फिकिलेने धुतलेलं. चार वर्षांपासून तो परदेशी पाहुण्यांना आठ-आठ, दहा-दहांच्या घोळक्याने वस्ती दाखवायचा. कमरेला भोंगा, तोंडासमोर माइक. खानिल्यांचं घर हा त्याचा चौथा थांबा. हात जोडून परवानगी मागायला आला होता. फिकिलेने एकाच अटीवर दिली होती, जसं घडलं तसं सांगायचं, पदरचा मीठमसाला लावायचा नाही. थोडी वर्षं नाहीत, तीस वर्षं तिने गोऱ्यांच्या घरी भांडी घासली होती, इंग्रजी तिला पाण्यासारखं कळायचं. ती पडद्याआड उभी राहून ऐकायची. बोंगा म्हणायचा, पोलिसांनी मारलं. मग ती पाहुण्यांसाठी गरम वडे बाहेर पाठवायची.

आज बाई शहरात गेली आहे, चारशिवाय परत येत नाही, हे बोंगाला माहीत होतं. झ्वेलाखेला घरात घ्यायच्या विधीसाठी अंगणामागे बकरा बांधला आहे, ज्वारीच्या बियरची पिंपं भरली आहेत, हेही माहीत होतं. पाहुण्यांना त्याने तेही दाखवून टाकलं होतं, तुमचं नशीब थोर म्हणून. मागच्या अंगणातल्या बायका कामात होत्या, आणि काका झेफानियाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. मग काय, रान मोकळं.

दोघी घराजवळ पोचल्या तेव्हा आठ पाहुणे फाटक अडवून घराकडे तोंड करून उभे होते. बोंगाही रस्त्याकडे पाठ करून, घराकडे हात दाखवत होता. भोंग्यातून आवाज येत होता.

"पाच आठवडे छळ झाला. पण त्याने एकाही मित्राचं नाव सांगितलं नाही. आणि एका पहाटे, आता नावं तोंडातून निघतील अशी भीती वाटली तेव्हा, झ्वेलाखे चौथ्या मजल्याच्या खिडकीकडे धावला. त्याने उडी मारली." इथं बोंगा थांबला. कुठं थांबायचं ते त्याला पक्कं माहीत होतं. "मित्रांनो, तो पडला नाही. तो स्वातंत्र्याकडे उडाला."

एक बाई हुंदका देऊन रडली. एका पांढऱ्या केसांच्या बाईने चष्मा काढून डोळे पुसले.

फिकिलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोलिसांची थाप! जी थाप मारून चार खुनी पेन्शन घेऊन मेले, ती थाप तिच्या दारात, तिच्या हातांनी वाढलेल्या पोराच्या तोंडून, आणि तीही कुणासमोर? ज्याला मारलं तो फांदी धरून उभा असताना! तिचं तोंड उघडलं. शिवी दातांपर्यंत आली, अशी शिवी की बोंगाच्या सात पिढ्या झोपेतून उठल्या असत्या.

"आई, नको," ह्लेंगिवे पुटपुटली. "आई, पाया पडते. पाच पावलं राहिलीत."

फिकिलेने तोंड मिटलं. इतक्या जोराने मिटलं की दात वाजले.

त्या आवाजाने म्हणा की कशाने, बोंगाने मागे वळून पाहिलं. आधी त्याला म्हातारी दिसली, मग फांदी. "मेलो," तो म्हणाला, आणि माइक चालूच असल्यामुळे ते सगळ्या गल्लीने ऐकलं. तो काही परका नव्हता. त्याच्या आजोबांनाही अशीच फांदी घेऊन आणलं होतं. आपण कुणासमोर खोटं बोललो ते त्याला बरोबर कळलं, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

पाहुण्यांना काय! त्यांनी फोन वर केले. त्या थंडीत चड्डीवर आलेला एक उंच माणूस पुढे होऊन म्हणाला, "किती सुंदर! हात लावू का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने लावलाही. फिकिलेने फांदी झटकन मागे घेतली. वाकडा काटा त्याच्या बोटात शिरून रक्त आलं. तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

बोंगाने माइकवर मूठ दाबली आणि आजी म्हणून हाक मारत आपल्या भाषेत कुजबुजला, "गोगो, मला वाटलं तुम्ही चारला येणार. रागावू नका ना. 'मारलं' म्हटलं तर हे लोक नुसती मान हलवतात, गोगो. सकाळपासून तीन घरांत तेच ऐकलेलं असतं. उडी म्हटलं की रडतात. झ्वेलाखेमामा मोठाच होतो ना त्यात? काय बिघडलं?"

काय बिघडलं! मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे खूप पाहिले होते फिकिलेने, पण खाऊन वर चव विचारणारा हा पहिलाच. आणि त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. चारचौघांत तिला कुणी असं बांधून मारलं नव्हतं.

मग तिची नजर फांदीवर गेली, आणि काकाचे शब्द तिला आठवले. बोलायचं ते फक्त त्याच्याशी. हळू बोलायचं, असं काका कुठं म्हणाला होता?

तिने फांदी तोंडासमोर धरली, आणि कुंपणापलीकडे भांडताना लावायची तो आवाज लावला.

"झ्वेलाखे! आलो आपण. हे घर, हे फाटक. पण थांब, आत्ता आत जाऊ नकोस, फाटकात माणसं उभी आहेत. ओळख करून देते. हा बोंगा. तुला नेलं तेव्हा याचा बाप शेंबडं नाक घेऊन हिंडत होता. हा आता तुझी गोष्ट सांगून पोट भरतो. तू उडी मारलीस म्हणतो! ऐकतोस ना? उडी! तुझं हे एवढं डोकं, आईला बाळंतपणात दोन दिवस लागले त्या डोक्यापायी, ते त्या गजांतून गेलं म्हणे! आत्ता तुझ्यासमोर हात घालून आले ना मी? चार बोटं मावली माझी. गुरुवारी मी खाली उभी असायचे तेव्हा तू हात काढायचास, मनगटाच्या पुढे कधी आला का रे बाहेर? आणि हा तुला अख्खाच्या अख्खा उडवतो!"

आतल्या बायका हातातली कामं टाकून अंगणात आल्या. शेजारपाजारच्या दारांतून माणसं डोकावायला लागली.

"काय म्हणताहेत त्या?" पांढऱ्या केसांच्या बाईने बोंगाला विचारलं.

"प्रार्थना," बोंगा इंग्रजीत म्हणाला. "भावासाठी प्रार्थना करताहेत."

"झ्वेलाखे!" फिकिले कडाडली. "हा म्हणतो मी प्रार्थना करतेय! चोर तो चोर, वर शिरजोर. इन्स्पेक्टरसुद्धा असाच होता, आठवतो ना? आईने विचारलं, पोराच्या पाठीवर वळ कसले, तर म्हणाला, पडताना लागलं. तो तरी परका होता रे. त्याच्याकडून काय अपेक्षा! पण हा? याला मी माझ्या ताटातलं भरवलं. याच्या तापात रात्री काढल्या. आणि आज त्या इन्स्पेक्टरचं वाक्य हा पोरगा आपल्या बापाच्या फाटकात, भोंगा लावून, पाहुण्यांना वाढतो!"

"प्रार्थना नाहीये ती."

हे कोण बोललं ते कुणाला चटकन कळलंच नाही. ह्लेंगिवे होती. फांदीच्या जरा पुढे येऊन, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत, थरथरत पण स्वच्छ बोलत होती. "त्या आपल्या भावाला सांगताहेत की इथं खोटं बोललं जातंय. त्याने उडी मारली नाही. खिडकीला गज आहेत, तेव्हाही होते. पोलिसांनी त्याला मारून मारून मारलं. उडीची गोष्ट पोलिसांची आहे. ती सांगितली की कुणी खुनी राहत नाही." मग ती आपल्या भाषेत, मान खाली घालून म्हणाली, "आणि आई, मी ही गोष्ट चार वेळा ऐकली होती. तुम्ही दवाखान्यात जायच्या तेव्हा. घरात आरडाओरडा नको म्हणून सांगितलं नाही."

फिकिलेने तिच्याकडे पाहिलं. मग फांदीकडे पाहिलं.

"ऐकलंस? ही माझी सून. हिच्याकडे मी नंतर बघते. पण आवाज आहे हो हिला."

उंच माणसाने फोन खिशात घातला. ह्लेंगिवे म्हणाली, "फाटकातून बाजूला व्हा, आमच्या माणसाला घरी जायचंय," आणि ते आठही जण भिंतीला लागून उभे राहिले. फाटक नेहमीप्रमाणे अडकलं. ते खालून पाय लावून उचलावं लागतं, हे फक्त गल्लीतल्यांना माहीत. बोंगा पुढे झाला, त्याने पाय लावून उचललं, आणि नजर वर न करता धरून ठेवलं. फिकिलेने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ये, झ्वेलाखे. पीचचं झाड शोधू नकोस, ते वठलं. उंबरठा उंच केलाय, पाय उचल."

आत, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात धुपाचा धूर होता. काका झेफानियाने फांदी दोन्ही हातांनी घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि खानिल्यांच्या पूर्वजांची नावं एकामागून एक घेतली. मग म्हणाला, "आला."

बायकांनी एकच हाक दिली. फिकिले जमिनीवर बसली आणि तिने झ्वेलाखेचं जुनं स्वेटर, आईने पेटीत ठेवलेलं, फांदीवर पांघरलं. त्या स्वेटरकडे बघून ती रडली. सोळाव्या वर्षी रडायची राहिली होती, तेवढी सगळी रडली.

"बोल आता," काका म्हणाला. "सुटलीस."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दिवसभराचं तुंबलेलं आता कुणावर फुटणार, म्हणून ह्लेंगिवेने डोळेच मिटून घेतले. फिकिले उठली, डोळे पुसले आणि बाहेर गेली.

पाहुणे भिंतीशीच उभे होते. बोंगा अजून फाटक धरून होता, सोडलं तर काय होईल ते त्याला कळत नव्हतं.

"भोंगा लाव," फिकिले म्हणाली. जिवंत माणसाशी त्या दिवशीचे तिचे ते पहिले शब्द.

"गोगो, मला माफ करा, मी परत कधी..."

"माफीचं मागाहून. भोंगा लाव आणि सांग. पहिल्यापासून."

बोंगाने बटण दाबलं, पाहुण्यांकडे वळला आणि घसा साफ करून इंग्रजीत सुरू केलं, "हे खानिले कुटुंबाचं..."

"तिकडे नको," फिकिले म्हणाली. "घराकडे तोंड कर. आणि आपल्या भाषेत. यांना नाही ऐकवायचं, त्याला ऐकवायचंय."

बोंगा वळला. "झ्वेलाखेमामा," तो म्हणाला, "तुम्ही एकोणीस वर्षांचे होता. तुम्हाला या घरातून नेलं. चौथ्या मजल्यावर..." आणि तिथं तो अडकला. चार वर्षांची सवय, जिथं थांबायचा तिथंच थांबला.

"चौथ्या मजल्यावर काय?"

"मारलं."

"कुणी?"

"पोलिसांनी."

"मोठ्यानं. जाड भिंती आहेत माझ्या घराच्या."

"पोलिसांनी मारलं!" बोंगा ओरडला, आणि ओरडता ओरडता रडायला लागला. गल्लीतली दारं उघडी होती, माणसं ओट्यांवर उभी होती, कुणी हललं नाही.

पांढऱ्या केसांच्या बाईने ह्लेंगिवेला हळूच विचारलं की तो काय म्हणतोय.

"ते आमच्या घरातलं आहे," ह्लेंगिवे म्हणाली, आणि आत जाऊन बियर गाळायला बसली.

"परत," बाहेर फिकिले म्हणत होती. "पहिल्यापासून सांग."